नाव देणे आणि नावे ठेवणे : धान्यातील सोंडकिड्याच्या निमित्ताने



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी मला या शाळेत जीवशास्त्र शिकविले आणि मी मात्र पुढे जन्मभर मराठी शिकवीत राहिलो. त्यामुळे सरांच्या स्मृतिदिनी मी संतकाव्यावर किंवा माळव्यातील मराठीवर बोलेन, अशी संयोजकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. मी 'धान्यातील सोंडकिडा' हा विषय कळविला, तेव्हा माझ्या अक्षराचा दोष असावा असे समजून त्यांनी तो पुन्हा विचारून घेतला. अक्षराचा दोष नव्हता. या क्षुद्र किड्याशी माझी एक जुनी चूक जोडलेली आहे. ती सरांना ठाऊक होती. ज्या व्यक्तीला मी ती सांगावयास हवी होती, तिला मात्र मी कधीच सांगितली नाही. पंच्याहत्तरी जवळ आल्यावर अशी ओझी उतरवून ठेवावीत आणि ती सरांसमक्षच ठेवावीत, असे वाटले.

प्रथम शब्दांविषयी थोडे बोलतो, कारण तो माझा व्यवसाय. वर्षाचा गहू भरून ठेवणाऱ्या आपल्या घरांत धान्याला 'किडे लागले', 'टोके झाले', 'सोंडे पडले' असे म्हणतात. इंदुरात शेजारचे हिंदीभाषक त्यालाच 'घुन लग गया' म्हणतात, आणि आपल्या बायकाही सहज 'घुण' म्हणून जातात. संस्कृतातला घुण हा मूळचा लाकूड पोखरणारा किडा. त्याच्या पोखरण्याने लाकडावर चुकूनमाकून अक्षरासारखी आकृती उमटते. किड्याला लिहिता येत नाही, तरीही आपण तेथे अक्षर वाचतो. त्यावरून शास्त्रीबुवांनी 'घुणाक्षरन्याय' काढला. हा न्याय आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

'किडे' हा एकच शब्द आपण किती जणांना लावतो पाहा. कडधान्याला भोके पाडणारा भुंगेरा वेगळा, पिठातला तांबडा भुंगेरा वेगळा, गव्हाच्या दाण्यांचा भुसा करणारा खापरा वेगळा, तांदळात जाळी धरणारी अळी तर पतंगाची. या सर्वांहून सोंडकिडा वेगळा ओळखू येतो तो त्याच्या सोंडेने. डोक्याचा पुढचा भाग लांबट होऊन त्याची सोंड बनलेली असते आणि तिच्या टोकाशी चावण्याचे बारीक जबडे असतात. हत्तीची सोंड हे त्याचे नाक. या किड्याची सोंड हा त्याचा गिरमिट आहे. सोंडेच्या दोन्ही बाजूंना कोपरात वाकविलेल्या हातासारख्या स्पर्शिका असतात. शरीर अडीच ते चार मिलिमीटर लांब, रंग तपकिरी ते काळपट. तांदळातील सोंडकिड्याच्या कठीण पंखांवर फिकट तांबूस असे चार डाग दिसतात. बोट लागताच तो पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो, हे लहानपणी ताटात गहू निवडताना आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र ताटात दिसत नाही. मादी सोंडेने दाण्याला एक बारीक छिद्र पाडते, त्यात एक अंडे घालते आणि आपल्या अंगातील चिकट द्रवाने ते छिद्र बुजवून टाकते. दाणा बाहेरून अखंड, निर्मळ दिसतो. आत पाय नसलेली पांढरी, पाठीत फुगीर अळी जन्मते, दाण्याचा गर खाते, आतच कोश होते आणि शेवटी पूर्ण वाढलेला किडा दाण्याला वेडेवाकडे भोक पाडून बाहेर येतो. आपल्याकडील पावसाळी उबेत हे सारे महिना-सव्वा महिन्यात पुरे होते. एक मादी आयुष्यात सुमारे तीनशे अंडी घालू शकते. म्हणजे आपल्याला एक किडा दिसतो, तेव्हा न दिसणारे अनेक दाण्यांच्या आत वाढत असण्याचा संभव असतो.

अलीकडच्या संशोधनाने आणखी एक नवलाची गोष्ट उघड केली आहे. या किड्याच्या शरीरात एक जिवाणू वस्तीला असतो. नुसत्या धान्यात जी द्रव्ये अपुरी असतात ती तो किड्याला पुरवतो, आणि त्यांतील एका द्रव्यापासून किड्याचे कठीण कवच घडते. कवच पुरे झाले की किड्याच्या आतड्यातील हे जिवाणू नाहीसे होतात. दाण्याच्या आत किडा आणि किड्याच्या आत जिवाणू, अशी ही घरातली घरे आहेत.

आता वर्गीकरणाकडे वळू. प्राणिसृष्टीत संधिपादांचा संघ, त्यात कीटकांचा वर्ग, त्यात कोलिऑप्टेरा हा गण. या ग्रीक नावाचा अर्थ 'म्यानासारख्या पंखांचे'. पुढचे पंख कठीण होऊन मागच्या नाजूक पंखांचे म्यान बनतात, ते सर्व भुंगेरे या गणात येतात. त्यात सोंड असलेल्यांचे मोठे कुल कर्क्युलिओनिडी. त्यातील वर्णन झालेल्या जातींची संख्या ५० हजारांच्या घरात आहे. 'कर्क्युलिओ' हा सोंडकिड्याचा जुना लॅटिन शब्द. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे ऐकून गंमत वाटेल की प्लॉटस या रोमन नाटककाराच्या एका प्रहसनाचे नाव 'कर्क्युलिओ' असेच आहे, आणि ते त्यातील एका खादाड, आयतोबा पात्राचे नाव आहे. लोकांच्या घरी जेवून जगणाऱ्याला सोंडकिडा म्हणणे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमनांनाही सुचले होते.

या कुलात आपल्या किड्याची प्रजाती म्हणजे सिटोफिलस. ग्रीक भाषेत 'सिटॉस' म्हणजे धान्य, 'फिलॉस' म्हणजे प्रिय मानणारा. धान्यप्रिय असे म्हणावे. शेनहेर या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने १८३८ साली हे नाव दिले. त्यापूर्वी 'कॅलँड्रा' हे नाव प्रचारात होते आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ पुस्तकांतून तेच छापले जात असे. सरांच्या जवळच्या जाड इंग्रजी पुस्तकातही कॅलँड्राच होते. सरांनी शिसपेन्सिलीने त्यावर बारीक रेघ ओढून वर सिटोफिलस लिहिलेले मी पाहिले आहे.

येथे एक भाषिक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या गावात रोज भेटते. मराठी विश्वकोशाने रूढ केलेल्या परिभाषेत 'प्रजाती' ही वरची पायरी आणि 'जाती' ही तिच्या खालची. एका प्रजातीत अनेक जाती. शेजारच्या हिंदीत मात्र 'प्रजाति' हा शब्द सर्रास खालच्या पायरीसाठी, ज्याला इंग्रजीत स्पीशीज म्हणतात त्यासाठी, वापरला जातो, आणि वरच्या पायरीला पाठ्यपुस्तके 'वंश' म्हणतात. इंदूरचा मराठी मुलगा घरी एक शब्द शिकतो, वर्गात तोच शब्द दुसऱ्या अर्थाने ऐकतो. आता तर महाराष्ट्रातील वृत्तपत्रेही हिंदीच्या वळणाने लिहू लागली आहेत. शब्द एक आणि पायऱ्या दोन झाल्या की जिना चढणारा पडतो. माझा प्रबंध शास्त्रीय परिभाषेवर होता. त्याचे बीज या एका शब्दाच्या घोटाळ्यात होते, हे आज कबूल करतो.

सिटोफिलस या प्रजातीत मनुष्याच्या कोठारांना उपद्रव देणाऱ्या प्रमुख जाती तीन. पहिली ग्रॅनारियस. लिनीअसने १७५८ साली तिचे वर्णन केले. हिला उडण्याचे पंख नाहीत. मनुष्याने उचलून नेले तरच ही दुसऱ्या गावी जाते, आणि तरीही धान्याच्या पोत्यांतून तिने जग पालथे घातले. इजिप्तच्या प्राचीन थडग्यांतही तिचे अवशेष मिळालेले आहेत. तिला थंड व समशीतोष्ण हवा मानवते. दुसरी ओरायझी, म्हणजे तांदळाची. नाव तांदळाचे असले तरी ती गहू, ज्वारी, मका काहीही वर्ज्य मानत नाही. ही उडते, म्हणून कोठारातून शेतात आणि शेतातून कोठारात जाऊ शकते. तिसरी झीमेज, मक्याची. याच प्रजातीच्या आणखी काही जाती धान्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. एक सालवृक्षाच्या बियांत वाढते, आणि एक, जिचे नाव लिनिॲरिस, चिंचोक्यात. हे शेवटचे नाव कृपा करून लक्षात ठेवावे.

ओरायझी आणि झीमेज यांची कथा मोठी बोधप्रद आहे. लिनीअसने १७६३ साली पहिलीला नाव दिले, मोचुल्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८५५ साली दुसरीला. पण दोघी दिसण्यात इतक्या सारख्या की शंभर वर्षे त्या एकच मानल्या गेल्या. 'लहान वाण' आणि 'मोठा वाण' असे म्हणून लोक काम भागवीत. लहान-मोठेपणाचीही खात्री नव्हती, कारण ज्या दाण्यात किडा वाढतो त्या दाण्याच्या मापाने तोही लहान-मोठा होतो. पुढे दोन जाती वेगळ्या असल्याचे पटले, तरी कोणते नाव कोणाचे हा वाद उरला. १९६१ साली चिलीत जन्मलेल्या ग्विलेर्मो कुशेल यांनी तो सोडविला : लहान ती लिनीअसची ओरायझी, मोठी ती मोचुल्स्कीची झीमेज. खात्रीने ओळखावयाचे तर आजही किड्याचे विच्छेदन करून नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. ओरायझीत त्याची वरची बाजू गुळगुळीत असते, झीमेजमध्ये तिच्यावर दोन उभ्या खाचा असतात.

याचा परिणाम काय झाला पाहा. १९६१ पूर्वीच्या एखाद्या निबंधात 'ओरायझीवर असा प्रयोग केला' असे वाचले, तर तो प्रयोग नेमका कोणावर झाला हे आज नुसत्या नावावरून सांगता येत नाही. निरीक्षणे प्रामाणिक, मोजमापे बिनचूक, पण नाव संशयास्पद, आणि तेवढ्याने सारे कष्ट टांगणीला लागले.

आता माझ्या चुकीकडे येतो.

सन १९६६. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता, आणि तेही वर्ष कोरडेच जाणार अशी चिन्हे होती. शिधावाटपाच्या दुकानापुढे रांगा लागत आणि अमेरिकेतून आलेला लाल गहू मिळाला तरी लोक समाधान मानीत. माझी आत्या जुन्या इंदुरात दोन खोल्यांत राहत असे. ती विधवा होती, मूलबाळ नव्हते, शिवणकामावर तिची गुजराण चाले. त्या वैशाखात तिने कसेबसे दोन पोती माळवी गहू घेतले, उन्हात वाळवले, एरंडेल चोळून कोठीत भरले. तो तिचा वर्षाचा आधार होता.

मी तेव्हा अकरावीच्या वर्गात होतो, आणि जीवशास्त्रात वर्गात पहिला. श्रावणात एके दिवशी मी तिच्याकडे गेलो असता कोठीच्या झाकणावर पाच-सात सोंडकिडे फिरताना दिसले. झाकण उघडले, तर वरच्या थरावरही दोन-तीन होते. मी मोठ्या अधिकाराने म्हणालो, "आत्या, गव्हाला घुण लागला आहे. दिसतात इतके, तर आत हजारो असतील. महिन्याभरात तुझ्या कोठीत भुसा उरेल." दाण्याच्या आत वाढणाऱ्या अळीविषयी सरांनी वर्गात सांगितलेले सारे मी तिला ऐकवले. ती घाबरून म्हणाली, "मग काय करू रे बाळ?" मी सांगितले, "आहे तोवर विकून टाक."

तिने माझे ऐकले. छावणीतल्या धान्यबाजारात किडका गहू म्हणून तो पडत्या भावाने गेला. आलेल्या पैशांत पुढे तिला निम्म्याहूनही कमी गहू मिळाला. उरलेले वर्ष तिने मिलो ज्वारीवर आणि लाल गव्हावर काढले. एकादशीला तिचा उपवास असे. त्या वर्षी तिने आणखी दोन वार धरले. देवाला काही बोललेले आहे, एवढेच तिने सांगितले.

गहू विकला गेल्यानंतरच्या आठवड्यात मी ते किडे रिकाम्या काड्यापेटीत घालून, कोठीच्या तळाशी राहिलेल्या पसाभर गव्हासह सरांना दाखवायला आणले. मला शाबासकी हवी होती. सरांनी भिंगातून किडे पाहिले. मग गहू पाण्याच्या पेल्यात टाकले. पोखरलेला दाणा हलका होऊन तरंगतो; त्यांतला एकही तरंगला नाही. सरांनी दाणे एकेक करून पाहिले. कोठे भोक नव्हते. त्यांनी विचारले, "कोठीच्या वर काय होते?" मी आठवून सांगितले की वर फळी आहे आणि फळीवर चिंचोक्यांची टोपली आहे. खळ करायला आणि मुलांना खेळायला आत्या चिंचोके साठवीत असे.

"दाणा फोडून पाहिला होतास?"

मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी मूठभर चिंचोके आणले. सरांनी अडकित्त्याने एक फोडला. आत पांढरी अळी होती. दुसऱ्यात तयार किडा, सोंडेसकट. सर म्हणाले, "आडनाव तेच आहे, घराणे तेच आहे, पण हा चिंचेचा. गव्हात याचे लेकरू वाढत नाही. फळीवरून खाली पडला, कोठीवर फिरला, एवढाच याचा गुन्हा." तरीही सरांनी घाई केली नाही. तो गहू त्यांनी वाळवून काचेच्या बरणीत भरला, वर फडके बांधले आणि बरणी प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली. दीड महिना रोज मी ती पाहत होतो. गव्हातून एकही किडा निघाला नाही.

मी पाहिलेला किडा खरा होता. सोंड खरी होती. प्रजातीचे नावही चुकले नव्हते. मी एक पायरी आधी थांबलो, एवढेच. घुणाने लाकूड कोरावे आणि वाटसरूने त्यात श्लोक वाचावा, तसे मी झाकणावरच्या पाच-सात किड्यांत एक पूर्ण वाक्य वाचले आणि त्या वाक्यावर एका बाईचे वर्ष गेले.

सर मला रागावले नाहीत. "आत्याबाईंना जाऊन सांग," एवढेच म्हणाले. मी "सांगतो" म्हणालो. नंतर दोनदा त्यांनी विचारले, दोनदा मी तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही. आत्या १९७४ साली गेली. पुढच्याच वैशाखात गहू भरताना तिने ती टोपली फळीवरून काढून मागच्या पडवीत नेऊन ठेवली होती, हे मी पाहिले होते. तिला काय कळले होते, केव्हा कळले होते, मी विचारले नाही आणि तिने एका शब्दाने मला नावे ठेवली नाहीत.

मराठीत 'नाव देणे' आणि 'नावे ठेवणे' हे दोन प्रयोग शेजारी शेजारी राहतात. नाव देणारा पाहतो, फोडतो, थांबतो, पुन्हा पाहतो. नावे ठेवणाऱ्याला झाकणावरचे दोन किडे पुरतात. वर्गीकरण म्हणजे मृत प्राण्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवणे, असा आम्हा साहित्यवाल्यांचा समज असतो. वस्तुतः वर्गीकरणाची खालची पायरी हीच आचरणाची पायरी आहे. किडा ओरायझी असेल तर नुसते चाळून भागत नाही, कारण अळी दाण्यात आहे. धान्य खडखडीत वाळवावे लागते, कारण दाण्यातील ओलावा फार कमी झाला की या किड्याची वाढ मंदावते. कोठी पुसून घ्यावी लागते, जुना दाणा नव्यात मिसळू नये लागतो. आत्या हे सारे करीत होती. तेलाने अंड्यांची हवा कोंडते, राखेने किड्याच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडले जाऊन तो सुकतो, ही कारणे तिला ठाऊक नव्हती. तिची कृती बिनचूक होती. आणि किडा लिनिॲरिस असेल तर टोपली उचलून पडवीत ठेवणे एवढाच उपाय होता. तोही तिनेच केला.

राजवाड्याजवळच्या इमली बाजारातून मी अजूनही जातो. त्या नावाशी आले की माझा पाय अडखळतो.

आज समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना मी उपदेश करणार नाही. सरही करीत नसत. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी न्यायाधीश, कोणी पत्रकार, कोणी माझ्यासारखा शब्दांचा व्यापारी. तुमच्या तोंडून निघालेल्या नावावर दुसऱ्या कोणाचा तरी गहू विकला जाणार आहे. त्या वेळी सरांचा एक प्रश्न आठवावा : "दाणा फोडून पाहिला होतास?"

मी तो पाहिला नव्हता. आत्याला सांगावयाचे ते आज आपल्या सर्वांच्या साक्षीने सांगितले. सरांच्या स्मृतीस अभिवादन करून माझे दोन शब्द पुरे करतो.